कारण न सापडणारा ताप आणि गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड

हाती आलेले सहा लाख रुपये गृहकर्जात एकरकमी भरावेत का, असे आपण सांगलीहून विचारले आहे. चार वर्षांपूर्वी आपली इलिओस्टोमी (लहान आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढून मल पिशवीत घेण्याची शस्त्रक्रिया) झाली. गेल्या दहा महिन्यांत चार वेळा ताप आला, त्यात दोनदा दाखल व्हावे लागले, कारण सापडले नाही आणि दुसऱ्या वेळचा ७०,००० रुपयांचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. कर्ज ११ लाखांचे, ८.५ टक्के बदलत्या दराचे आहे.

सगळी रक्कम आज भरू नये, असे माझे मत आहे. सहा लाख भरल्यास वर्षाला सुमारे ५१,००० रुपये व्याज वाचेल. तेच पैसे ६.५ टक्क्यांच्या ठेवीत राहिले तर आपल्या २० टक्के करटप्प्यात करानंतर सुमारे ३१,००० हाती येतील. म्हणजे पैसा हाताशी ठेवण्याची किंमत वर्षाला वीस हजारांच्या आसपास आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसल्याने हीच रक्कम पुढच्या वर्षीही भरता येईल. एकदा भरलेली मात्र साध्या कर्जखात्यातून परत मिळत नाही. आपली बँक ओव्हरड्राफ्ट जोडलेले गृहकर्ज देत असेल तर व्याजही वाचेल आणि पैसेही काढता येतील, पण बदलाचे शुल्क व नवा दर आधी विचारून घ्यावा.

मी चार लाख बाजूला ठेवीन. क्लेम मिळालाच नाही असे धरून तीन वेळा दाखल होण्याचे २,१०,०००, आपण लिहिलेल्या महिना ४,५०० रुपयांप्रमाणे पिशव्या व पेस्टचे वर्षाचे ५४,०००, आणि उरलेले बिनपगारी रजेतील हप्त्यांसाठी. बाकी दोन लाख खुशाल कर्जात भरावेत.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला कर्जापेक्षा महत्त्वाचे वाटले: बिलाच्या धास्तीने मागच्या वेळी आपण दोन दिवस घरीच काढले. तापाचे निदान हा माझा प्रांत नाही. परंतु इलिओस्टोमीत पाणी आणि क्षार आधीच जास्त जात असल्याने तापात शरीर लवकर कोरडे पडते, आणि मग एका सलाईनवर भागले असते तिथे चार दिवसांचे बिल होते. हे चार लाख मुख्यतः त्या दोन दिवसांसाठी आहेत.

आता नाकारलेल्या क्लेमविषयी. केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही, असे कलम आरोग्य विम्यात सर्रास असते आणि कारण न सापडलेला ताप नेमका त्यात अडकतो. आपल्याला शिरेतून प्रतिजैविके व सलाईन दिले असल्यास दाखल होण्याचा हेतू उपचाराचा होता, हे डॉक्टरांकडून, नोंदीत आहे तेवढेच, लिहून घ्यावे आणि नोंदपत्रकाच्या प्रतीसह कंपनीच्या तक्रार कक्षाकडे पाठवावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार नोंदवण्याची मुदत एक वर्षाची. रागाने कंपनी बदलू नये. पोर्टिंगचा, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज नवी कंपनी नाकारू शकते.

यापुढे दाखल होताना प्रवेशपत्रावर फक्त ‘तापाची तपासणी’ एवढेच लिहिले जात असेल, तर सुरू केलेला उपचारही तिथेच नोंदवण्याची विनंती करावी.