ऐकता ऐकता भरलेली वही

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते. लहान मुलांच्या दोन पुस्तकांसाठी मी चित्रेही काढली आहेत. गेल्या डिसेंबरमध्ये रत्नागिरीला बालसाहित्यावरील दोन दिवसांच्या परिषदेला गेले होते. तेथे पहिल्या रांगेतील तीन चित्रकार व्याख्यान चालू असतानाच वहीत शब्द आणि चित्रे एकत्र मांडत होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या वह्यांत साऱ्या दिवसाचा वृत्तान्त उतरला होता. दुसऱ्या दिवशी मीही प्रयत्न करून पाहिला. तासाभराने माझ्या पानावर वक्त्या बाईंचे चांगले रेखाचित्र तयार होते, परंतु त्या काय बोलल्या ते मला सांगता येईना. या कामाची काही पद्धत आहे काय? चित्र काढत राहिल्याने ऐकण्याकडे दुर्लक्ष होत नाही काय? — एक वाचक, देवगड

उत्तर : ज्याचा हात चांगला आहे अशा जवळजवळ प्रत्येकाचे पहिल्या खेपेला असेच होते. समोर बोलणारा चेहरा असतो, तो रेखाटण्याची सवय हाताला असते, आणि एकदा नाकाचा उतार बरोबर साधण्यात मन गुंतले की पुढची दहा वाक्ये कानावरून जातात. मीही पहिली दोन-तीन वर्षे असेच चेहरे टिपत बसलो होतो. एकदा परिषदेहून परतताना गाडीत शेजारी बसलेल्या लेखिकेने दुपारच्या सत्रात अनुवादाविषयी काय चर्चा झाली असे मला विचारले, तेव्हा माझ्या वहीत चष्मा, अंबाडा आणि माइक यांखेरीज काहीच नव्हते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे, कारण या कामात काय टाळायचे ते तिच्याकडे पाहून मला दर वेळी नव्याने कळते.

या पद्धतीला आता सर्वत्र ‘स्केचनोट’ म्हणतात. हा शब्द माइक रोडी या अमेरिकन डिझायनरने रूढ केला आणि २०१२ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. मी मराठीत ‘चित्रटिपण’ म्हणतो. त्यात ‘टिपण’ हा शब्द मुख्य आहे आणि ‘चित्र’ हे त्याचे विशेषण आहे, एवढे लक्षात ठेवले तरी आपली अर्धी अडचण दूर होईल. वक्ता कसा दिसतो हे आपल्याला कागदावर आणायचे नसते. तो एका कल्पनेपासून दुसऱ्या कल्पनेकडे कसा गेला, हे आणायचे असते. त्यामुळे चित्रटिपणांच्या पानावर सर्वांत महत्त्वाची खूण बहुधा साधा बाण असते. बाण काढायचा तर कशामुळे काय झाले हे आधी समजावे लागते, आणि ते समजण्यासाठी ऐकावेच लागते.

आपल्या दुसऱ्या शंकेविषयी मानसशास्त्रात काही काम झाले आहे. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश संशोधिकेने ४० जणांना अडीच मिनिटांचा एक मुद्दाम कंटाळवाणा केलेला टेलिफोन संदेश ऐकवला. त्यांतील निम्म्यांना ऐकताना कागदावरील आकृत्या पेन्सिलीने भरायला सांगितले होते, आणि २०१० साली छापून आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. मात्र हे लोक केवळ रेघा भरत होते, त्यांना विचार करून काही काढायचे नव्हते, म्हणून या प्रयोगाचा आपल्या कामाला आधार थोडाच. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग अधिक जवळचे आहेत. त्यांत लोकांना काही शब्द देऊन त्यांतले काही नुसते लिहायला आणि काहींचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले. चित्रासाठी अवघे चार सेकंद दिले तरी हा फरक टिकला, आणि चित्र चांगले की वाईट याने काही अडले नाही. आपल्यासारख्या शिकलेल्या हाताला हे थोडे अवघड वाटेल, पण परिषदेच्या सभागृहात चार सेकंदांचे चित्र हेच खरे चित्र आहे. चेहऱ्यासाठी एक गोल आणि ओळख पटेल अशी एकच खूण पुरे.

पद्धत सांगायची तर एक पान उदाहरणादाखल घेऊ. मुलांच्या चित्रपुस्तकाची घडण या विषयावरील एका सत्रात वक्त्याने सांगितले की पुष्कळ चित्रपुस्तके ३२ पानांची का असतात, याचे उत्तर छापखान्यात आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की १६ पानांचा एक फर्मा होतो आणि दोन फर्म्यांत ३२ पाने बसतात. शीर्षकपान, श्रेय वगैरे वजा जाता गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. हे सारे शब्दांत उतरवत बसलो असतो तर पुढचे वाक्य हुकले असते. मी एक मोठा आयत काढला, त्यावर तीन तुटक रेघांनी घड्या दाखवल्या, बाजूला ‘१६’ आणि त्याखाली ‘× २’ एवढेच लिहिले. पुढे वक्ता म्हणाला की उत्कंठा उजव्या पानावर ठेवावी आणि तिचे उत्तर पान उलटल्यावर द्यावे. त्याच्या बोलण्यात उदाहरण नव्हते, ते मी माझे घातले : उजव्या पानावर पुळणीतले एक बीळ, पानाच्या कोपऱ्याला वळलेला बाण, आणि बाणापलीकडे नांगी उगारलेली कुर्ली. आज कित्येक महिन्यांनंतर ते पान उघडले तरी घड्यांपासून कुर्लीपर्यंत तो सारा युक्तिवाद मला सलग सांगता येतो. उदाहरण आपल्या परिसरातले घेतले की ते अधिक घट्ट बसते, आणि ते शोधण्यासाठी मनाला वक्त्याचे म्हणणे क्षणभर आपल्या भाषेत वळवून घ्यावे लागते. टिपणाचे खरे काम तेथेच होते.

म्हणून सत्राच्या आरंभी लगेच पेन चालवू नका. पहिली चार-पाच मिनिटे फक्त विषय आणि वक्त्याचे नाव लिहा, त्याची बोलण्याची गती पाहा, आणि तो मुद्दे एकामागून एक मांडणारा आहे की एकाच मुद्द्याभोवती फिरणारा आहे याचा अंदाज घ्या. पहिल्या प्रकाराला पान वरून खाली वाटेसारखे न्यावे, दुसऱ्याला मधोमध एक चित्र ठेवून भोवती पसरू द्यावे. ऐकलेले वाक्य पूर्ण झाल्याशिवाय त्याचे चित्र सुरू करायचे नाही आणि एका सत्राला एक जोडपानच द्यायचे, हे दोन नियम मी स्वतःपुरते कडकपणे पाळतो. जागा मोजकी असली की काय गाळायचे याचा निर्णय ऐकतानाच घ्यावा लागतो. रंग मात्र सभागृहात काढूच नयेत. चहाच्या सुट्टीत एखादा रंग, तोही फक्त ज्या मुद्द्यांचे एकमेकांशी नाते आहे ते जोडण्यासाठी, एवढा वापर पुरेसा असतो.

अक्षरांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे आणि शीर्षकासाठी मोठी लिपी वापरा असे तीत सांगितलेले असते. देवनागरीत मोठी आणि लहान अशा दोन लिपी नाहीत, त्यामुळे आपल्याला जोर वजनातून आणावा लागतो : महत्त्वाचा शब्द जाड पेनाने, तिरक्या कापलेल्या निबाने, किंवा शिरोरेघ दुहेरी करून. वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतात, म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. नाहीतर एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि पान वाचता येत नाही. घाईच्या वेळी मी शब्द शिरोरेघेविना लिहून जातो आणि वक्ता पाणी प्यायला थांबला की साऱ्या शब्दांवर एकदम रेघ ओढतो. त्या रेघा ओढताना लिहिलेले पुन्हा एकदा नजरेखालून जाते, हा त्यातला दुसरा लाभ.

आपले पान जमले की नाही हे ताडण्याची कसोटी आपल्याच जिल्ह्यात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी जपली आहे, आणि त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या कागदी चित्रांचा गठ्ठा, ज्याला ते पोथी म्हणतात, समोर घेऊन एकेक चित्र दाखवत कथेकरी गाऊन कथा सांगतो. त्या चित्रात सारी कथा लिहिलेली नसते. पण ती सांगताना जिथे आधार लागतो तिथे नेमका तो असतो. परिषदेहून घरी आल्यावर आपले पान हातात धरून शाळेतील सहकाऱ्यांना ते सत्र पाच मिनिटांत सांगून पाहा. जिथे आपण अडखळाल तिथे पानावर बाण किंवा शब्द कमी पडला आहे असे समजा, आणि आठवण ताजी आहे तोवर त्याच रात्री तो घाला.

प्रश्न : आमचे वाचनालय कुडाळला मुलांच्या पुस्तकांविषयी एक दिवसाचा मेळावा घेणार आहे. दोन चित्रकारांना बोलावून त्यांच्याकडून चित्रटिपणे करून घ्यावीत आणि ती नंतर वाचनालयात लावावीत असा विचार आहे. वक्त्यांची परवानगी घ्यावी लागेल काय? चित्रकारांची सोय काय करावी? — एक कार्यकर्ता, कुडाळ

उत्तर : परवानगी अवश्य घ्यावी, आणि ती निमंत्रणाच्या पत्रातच घेतली तर कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणावर सर्वसाधारणपणे ते देणाऱ्याचा हक्क असतो. खासगी उपयोगासाठी टिपणे काढणे आणि जाहीर व्याख्यानाचा वृत्तान्त देणे यांना त्या कायद्यात मोकळीक आहे, आणि कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. तरीही एखादा लेखक आपली अद्याप न छापलेली गोष्ट वाचून दाखवत असेल, किंवा चित्रकार आपल्या आगामी पुस्तकाचा कच्चा आराखडा पडद्यावर दाखवत असेल, तर ते चित्रटिपणात येता कामा नये. येथे कायद्यात काय बसते हे पाहत बसू नये, कारण ते पुस्तक अजून त्याच्या कर्त्याच्या हातात आहे आणि प्रथम वाचकापुढे आणण्याचा मान त्याचाच आहे. मेळाव्याला मुले येणार असतील तर ओळखू येतील असे त्यांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

आपल्याला भिंतीवर लावायचे आहे, तेव्हा एक भेद आधी स्पष्ट करून घ्या. वहीतले चित्रटिपण ज्याचे त्याच्यासाठी असते. सर्वांसमोर मोठ्या कागदावर चर्चा टिपणे हे निराळे कौशल्य आहे, आणि ते १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, डेव्हिड सिबेट यांच्यासारख्यांच्या बैठकींतील कामातून आकाराला आले. वहीत काम करणाऱ्याला ऐन वेळी भिंतीपुढे उभे करू नये. त्याच्या वहीची पाने मोठी करून छापून लावली तरी मेळाव्याचा हेतू साधेल.

सोयी फार लागत नाहीत. पुढच्या रांगेच्या कडेला खुर्ची, मांडीवर ठेवायला पाट किंवा छोटे टेबल, सभागृहातला प्रकाश पडद्यासाठी मालवला तरी चालू राहील असा एक दिवा, आणि वक्त्यांच्या व पुस्तकांच्या नावांची शुद्ध यादी आदल्या दिवशी. नावातली चुकलेली वेलांटी मोठी करून छापली की तीही मोठी दिसते. आणि मानधन द्यावे. आपल्याकडे चित्रकाराला चहा-फराळ आणि गुलाबपुष्प देऊन काम झाले असे समजण्याची रीत पडली आहे, ती मला मनापासून खटकते. चार सत्रे न हलता ऐकून त्यांचे सार एकाच दिवशी हातावेगळे करणे हे वक्त्याच्या भाषणापेक्षा कमी कष्टाचे नाही.

प्रश्न : मी हर्णैला राहतो. पावसाळ्यात माझ्या वहीत शाई फुटते आणि जुन्या पानांवर डाग पडतात. काय करावे? — एक वाचक, हर्णै

उत्तर : किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर कागद हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि पातळ वहीचा कागद तर टीपकागदासारखा वागू लागतो. १५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कागद घ्या, जेल पेन टाळा आणि पाण्याने न फुटणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचे पेन वापरा. अगदी मुसळधार दिवसांत २बी पेन्सिल सर्वांत विश्वासू. पान भरल्यावर वही लगेच मिटू नका, पंख्याखाली उघडी ठेवा, कारण शाई वर सुकलेली दिसली तरी समोरच्या पानाला लागते. पाने त्याच दिवशी मोबाइलवर टिपून ठेवावीत. जुन्या वह्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की एकेक पान उलटून सावलीत वारा लागू द्या. ज्या पानावर बुरशी आली असेल ते आधी वेगळे काढा, पूर्ण सुकू द्या आणि मगच मऊ कुंचल्याने घराबाहेर झाडा. ओले असताना पुसले तर डाग कागदात उतरतो.