फुफ्फुसाच्या ऑपरेशनमध्ये ऑक्सिजन कमी होतो का? नंतर फुफ्फुस दबू नये म्हणून काय करावं?

बाबांचं नागपुरात पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे आणि ‘एक फुफ्फुस बंद ठेवतात’ हे ऐकून तुम्ही घाबरलात. ते मुद्दामच करतात. दोन वाटांची नळी घालून ऑपरेशनची बाजू मिटवतात आणि श्वास दुसऱ्या फुफ्फुसावर चालवतात. मिटलेल्या बाजूतून थोडं रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं, म्हणून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा (टक्क्यांत) उतरतो. पण तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चालू फुफ्फुसाकडे वळतं. आकडा साधारण ९० च्या वर असला तर भूलतज्ज्ञ सहसा निवांत असतात. खाली रेंगाळला तर नळी सरकली का ते बघतात, ऑक्सिजन वाढवतात, अगदीच गरज पडली तर मिटलेलं फुफ्फुस थोडा वेळ फुगवतात.

खरी मेहनत नंतरची, आणि ती घरच्यांची. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ अडकतो, फुफ्फुसाचा तेवढा भाग दबतो. म्हणून दुखणं सोसत बसू नका, औषध मागून घ्या. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावा. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, आत्ताच आणा, मेडिकल चौकाकडे सहज मिळेल, आणि सराव सुरू करा. त्यात श्वास आत ओढायचा असतो. अर्धे लोक फुंकतच बसतात! जागेपणी दर तासाला दहा वेळा. डॉक्टर म्हणतील तेव्हा लगेच खुर्चीत बसवा, चालवा. ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीची बाटली छातीच्या खालीच राहू द्या.

बिडी-सिगारेट आजच बंद. खर्राही.