रणगाडा नव्हे, पायदळाचे लढाऊ वाहन

प्रश्न : प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसणारे ‘बीएमपी-२’ हे वाहन रणगाड्यासारखेच असते. मग ते वेगळे कशासाठी, आणि त्यावर खर्च किती होतो?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : मूळ सोव्हिएत बनावटीच्या बीएमपी-२चे मुख्य काम पायदळाचे सात जवान आघाडीपर्यंत नेणे आणि ते उतरल्यावर तोफेच्या माऱ्याने त्यांना आधार देणे हे आहे. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात आधीच्या बीएमपी-१ची ७३ मिलिमीटरची तोफ अचूकतेत कमी पडली. बीएमपी-२वर ३० मिलिमीटरची जलद मारा करणारी तोफ बसवण्यात आली आणि ती जवळजवळ ७४ अंशांपर्यंत उचलता येत असल्याने सोव्हिएत सैन्याला अफगाणिस्तानातील डोंगरकड्यांवर दबा धरलेल्या शत्रूवर नेम धरणे शक्य झाले. मात्र तेथेच सुरुंगांपुढे वाहनाचा तळ दुबळा ठरला, आणि आत बसण्याऐवजी जवान टपावर बसून प्रवास करू लागले. मागच्या पोकळ दारांतही डिझेल भरलेले असते. माझ्या मते ही या रचनेतील सर्वांत चिंताजनक बाब आहे.

भारतात ‘सारथ’ या नावाने हे वाहन तेलंगणातील मेदक येथे तयार होते. जून २०२०मध्ये संरक्षण मंत्रालयाने १५६ वाहनांची मागणी नोंदवली, तिचा अंदाजित खर्च १,०९४ कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी सुमारे सात कोटी. मेदकचा कारखाना आज ज्या सरकारी कंपनीकडे आहे, तिचाच एक कारखाना आपल्या ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला आहे.