आजारी, वयस्क कुत्रीला कायमचे घर द्यावे का?

प्रश्न : पाच महिन्यांपासून दहा वर्षांची एक लॅब्रॅडोर कुत्री आमच्याकडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, राहते आहे. मूळ मालकांनी परदेशी जाताना तिला एका प्राणिसंस्थेकडे सोपवले होते. तिचे वजन ३८ किलो आहे, मागच्या पायांचे सांधे झिजले आहेत आणि नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे, हे दाखवणारा रक्तातील घटक) १.९ आले. आता संस्था विचारते आहे की, तुम्हीच तिला दत्तक घ्याल का? सासूबाईंना तिचा लळा लागला आहे, पण ‘हिचं शेवटचं सगळं आपल्यालाच बघावं लागेल,’ असेही त्या म्हणतात. आम्ही दोघेही नोकरी करतो. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ती आणखी किती जगेल, हे कोणताही प्रामाणिक डॉक्टर आकड्यात सांगणार नाही, आणि तुमचा निर्णयही त्यावर अवलंबून ठेवू नका. तिचा रोजचा दिवस तुमच्या घरात नीट पार पडतो का आणि त्याचा खर्च दरमहा ओढाताण न होता निघतो का, एवढेच पाहा.

कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या मानतात; क्रिएटिनिन १.४ ते २.८ असले की ती दुसरी पायरी. मात्र एका तपासणीवर शिक्का मारता येत नाही. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे, सोबत लघवीतील प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाब पाहावा, आणि हे अहवाल हाती आल्यावरच संस्थेला उत्तर द्यावे.

तिची खरी अडचण दोन आजार एकत्र असण्यात आहे. सांधेदुखीवर नेहमी दिली जाणारी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे मूत्रपिंडाला बाधू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना ती जपून द्यावी लागतात किंवा टाळावी लागतात. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर चुकूनही देऊ नका. अशा वेळी सर्वांत मोठा आराम वजन उतरल्याने मिळतो. लॅब्रॅडोर मादीला तीस किलोच्या आसपासचे वजन पुरे असते. तिथवर डॉक्टरांच्या सल्ल्याने, सावकाश जायचे. येता-जाता मिळणारी बिस्किटे आणि पोळीचे तुकडे आधी बंद करावेत. पण तुम्ही आहार कमी केलेला नसताना ती बारीक होऊ लागली, तर तो आजार वाढल्याचा इशारा समजावा. मूत्रपिंडासाठीचे कमी फॉस्फरसचे तयार खाद्य महाग पडते. घरचे शिजवून घालायचे असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रात्री फरशी ओली होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याचा मोह होतो. तसे अजिबात करू नका. तिच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती जास्त पिते आणि जास्त वेळा लघवी करते. पाणी तोडले तर तिची प्रकृती ढासळेल. गुळगुळीत फरशीवरून उठताना तिचे मागचे पाय फाकत असतील, तर झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणारी रबरी पायपुसणी सलग अंथरा.

तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मला आजारापेक्षाही मोठा वाटतो. अशा कुत्रीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी धरून ठेवायला लावणे क्रूरपणाचे आहे, आणि एवढ्या वजनाच्या कुत्रीला दुपारी खाली नेणे सासूबाईंवर गृहीत धरून टाकणे त्यांच्यावर अन्याय आहे. दुपारसाठी पगारी माणूस ठेवता येईल का, ते आधी ठरवा. पाळीव प्राण्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार सहसा धरत नाहीत, त्यामुळे औषधपाण्याची रक्कम दरमहा बाजूला काढावी लागेल.

दुपारचा माणूस आणि पैसा, या दोन्हींची सोय होत असेल, तर तुम्ही तिला ठेवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात पुन्हा घर बदलणे तिला फार जड जाईल. पैशांचेच अडत असेल, तर ती कायम तुमच्याकडे राहील आणि उपचारांचा खर्च संस्था करील, असे लेखी ठरवता येते का, ते विचारा. तेही जमत नसेल, तर संस्थेला निःसंकोच नकार कळवा आणि दुसरे घर मिळेपर्यंत तिला सांभाळा.

सासूबाईंची धास्ती मात्र उडवून लावू नका, कारण त्यांचे म्हणणे खरे आहे. खाणे सुटले, उलट्या थांबेनात, उठवूनही उभे राहवेना, अशा अवस्थेत वेदनारहित मरण देण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. तसे झाल्यास होकार कोण देणार आणि डॉक्टर घरी येऊ शकतील का, हे तिघांनी बसून दत्तकपत्रावर सही करण्याआधी बोलून घ्या.