सोळाखालच्या पोरांचा संघ हाती घेताना

मित्रा,

यंदा चौदा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेटचं काम क्लबने तुझ्याकडे दिलंय. नेट कशी लावायची असं विचारलंस. ते सांगतोच, पण आधी साधा हिशेब मांड. आठवड्याला तीन नेट मिळाल्या तरी एका मुलाची स्वतःची बॅटिंग होते पस्तीस-चाळीस मिनिटं. उरलेलं सगळं तो मॅचमध्ये शिकणार, आणि मॅच देणं हीच क्लबची ताकद आहे. अकॅडमीकडे नेट असतात. क्लबकडे संघ असतात, लीग असते, आणि त्या लीगमध्ये पंधरा वर्षांचा पोरगा चाळिशीतल्या माणसाशेजारी उभा राहून फील्डिंग करतो. यादीतल्या पहिल्या दोन मुलांकडे सगळ्यांचं लक्ष असतंच, पालकांचं तर असतंच असतं. तू तिसऱ्यापासून पंधराव्यापर्यंतच्यांना किती खेळ मिळाला ते मोज.

फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अखंड भागीदारी केली, हे तुझ्या पोरांना पाठ असेल. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. त्याच मॅचमधली आणखी दोन नावं त्यांना सांग. पॅड बांधून पुढच्या नंबरवर बसून राहिलेला अमोल मुझुमदार, ज्याची बॅटिंग आलीच नाही. आणि झेवियर्सकडून मार खाणाऱ्या बोलरांमधला साईराज बहुतुले. अमोलने 1993-94 च्या मोसमात रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260 काढले, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या, आणि 2025 चा महिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघाचा प्रशिक्षक तोच होता. साईराज लेगस्पिन टाकत भारताकडून खेळला. शाळेत ज्याची बॅटिंग येत नाही त्याला दुसरीकडे कुठेतरी बॅटिंग मिळावी लागते. तुझ्या हातात तेवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

जाइल्स (ही चौदाखालच्यांची) आणि हॅरिस शील्डच्या दिवसांत शाळेच्या अकरांत नसलेली मुलं मोकळी असतात. त्यांच्यासाठी फ्रेंडली मॅच ठेव. चौदाखाली प्रत्येक बॅटरला 30 बॉल, मग रिटायर. ओव्हर उरल्या तर सगळ्यांनंतर परत. मर्यादा बॉलची ठेव, रनची नको. 25 रनवर रिटायर म्हटलं की चांगलं खेळणारा पाच ओव्हरीत बाहेर जातो आणि बिचकणारा तासभर खेळून काढतो. प्रत्येकाला किमान दोन ओव्हर बोलिंग. पुढच्या मॅचला बॅटिंग ऑर्डर उलटी. पहिल्या दोन मॅच तू हरशील, कमिटीत कुणीतरी बोलेल. बोलू दे. फाइन लेगला उभा राहून आणि अकरा नंबरला पॅड बांधून घरी जाणारा मुलगा दिवाळीनंतर येईनासा होतो. आणि उशिरा उंची वाढणारा, म्हणून उशिरा जोर येणारा, बऱ्याचदा तोच असतो.

आता नेट. समज, 18 मुलं आणि दोन नेट आहेत. प्रत्येकाला 12 मिनिटं दिली तर 108 मिनिटं लागतात. त्याआधी वीस मिनिटं वॉर्म-अप आणि कॅचिंग. एका नेटला चारच बोलर. सहा-सात झाले की रांग लागते, गप्पा सुरू होतात आणि बॅटर पुढच्या बॉलची वाट बघत थंड पडतो. उरलेल्या आठ जणांना पिच राखणाऱ्या माळ्याच्या बाजूला ग्राउंड फील्डिंगला लाव. बॉल तीन प्रकारचे ठेव: एक नवा किंवा नव्यासारखा, दोन वीस-पंचवीस ओव्हर झालेले, एक पार घासलेला. सगळे घासलेलेच दिले तर स्विंग काय असतो हे मुलाला थेट मॅचमध्ये कळतं, ते पण कॅच देऊन.

पॉपिंग क्रीज, म्हणजे बोलरचा पुढचा पाय जिच्या मागे पडावा लागतो ती रेघ, चुन्याने रोज आख. क्रीज पुसट असली की बोलर दीड-दोन फूट पुढे येऊन टाकतो, आपण फास्ट आहोत असं त्याला वाटतं, आणि मॅचमध्ये पहिल्याच ओव्हरमध्ये तीन नो-बॉल पडतात. मग तो घाबरून रनअप बदलतो, आणि रनअप बिघडला की बाकीचंही बिघडतं. बोलिंग झालेल्या एकाला अंपायर म्हणून उभं कर. त्याला नो-बॉल ओरडायला मजा येते आणि कायदाही कळतो.

बॅटरच्या 12 मिनिटांतली पहिली चार नवा बॉल, ऑफ स्टंपबाहेरचे सोडायचे. पुढची चार तू फील्ड मोठ्याने सांग: कव्हर आहे, मिडविकेट मोकळी आहे. शेवटची चार टार्गेट: बारा बॉलमध्ये चौदा. फील्ड न सांगता नेट घेतली तर मुलगा जाळीत जोरात गेलेल्या प्रत्येक फटक्याला चौका समजतो. आणि हात आवर: एका नेटमध्ये एकाच गोष्टीची दुरुस्ती. ग्रिप, डोकं, पाय सगळं एकदम सांगितलं की पोरगं बॉलकडे बघायचंच विसरतं.

सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे: बोलरने आउट केलं तर नाणं त्याचं, नाही तर बॅटरचं. बरेच कोच हे करतात, पण निम्मंच. ते नाणं दिवसाच्या शेवटी, बॅटर दमलेला असताना ठेवायचं असतं. दमल्यावरच पाय हलत नाहीत आणि विकेट फेकली जाते, तेच तर सुधारायचंय. आणि रोज तुझ्या लाडक्यासाठी ठेवू नकोस. आज एकाला, उद्या दुसऱ्याला.

टेनिस बॉलवरून सीझन बॉलवर (चामड्याच्या कडक बॉलवर) आलेल्यांना पहिला महिना वेगळा घे. टेनिस बॉल उसळतो, म्हणून ही मुलं मागे हटून आडवी बॅट घुमवतात; त्यांना आधी सीझन बॉलचे अंडरआर्म थ्रो द्यायचे, मग दहा यार्डांवरून, मग पुढे. तेराखालच्यांना ज्युनियर बॉलच दे, 133 ते 144 ग्रॅमचा. मोठ्यांचा 156 ते 163 चा असतो. फरक विसेक ग्रॅमचा दिसतो, पण बारा वर्षांच्या बोटांना तो पेलत नाही. मुलगा बॉल ढकलायला लागतो आणि खांदा दुखावतो. ज्युनियर बॉल आकारानेही लहान असतो, म्हणून मोठ्या भावाचं हेल्मेट आणणाऱ्याची जाळी तपास. व्हायझर आणि ग्रिलमधल्या फटीत बॉल धरून ढकलून बघ. आत जात असेल तर ते हेल्मेट त्या मुलाला चालणार नाही. जोरात बॉल लागलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलायचं. बॅटचंही तसंच: ‘पुढे उंची वाढेल’ म्हणून पालक एक साइज मोठी घेतात. वरच्या एका हाताने बॅट खांद्याच्या रेषेत समोर धरायला लाव. दहा सेकंदांत हात थरथरला तर बॅट जड आहे. जड बॅटमुळे खालचा हात जोर करतो आणि सरळ जाणारा प्रत्येक बॉल मिडविकेटला उडतो.

फास्ट बोलरांसाठी एक वही कर, आणि यात हयगय नको. वाढत्या वयात पाठीच्या खालच्या मणक्यांना बारीक तडा जातो, आणि एकदा गेला की मुलगा कित्येक महिने बाहेर. इंग्लंडच्या बोर्डाने बरीच वर्षं वापरलेला तक्ता सोपा आहे: तेराखाली एका स्पेलला, म्हणजे सलग, 5 ओव्हर, दिवसात 10, पंधराखाली 6 आणि 12, सोळा-सतरा वर्षांचा असेल तर 7 आणि 18. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस बोलिंग नाही, सलग दोनपेक्षा जास्त नाही. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. तोच मुलगा सकाळी शाळेत टाकतो, संध्याकाळी तुझ्या नेटमध्ये, रविवारी दुसऱ्या कुणाच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये. प्रत्येकजण आपापल्या ओव्हर मोजतो, मुलाच्या कुणीच मोजत नाही. म्हणून वहीत नेटचे बॉलसुद्धा लिही, आणि शाळेच्या सरांना फोन कर. मुलगा पाठ एका बाजूला, बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, दुखते म्हणाला की त्याच दिवशी थांबव आणि डॉक्टरकडे पाठव. बाम लावून टाकायला लावू नकोस.

कांगा लीगचं तू वेगळं विचारलं होतंस. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही मुंबईतल्या क्लबांची लीग 1948 पासून चालते, ए ते जी अशा सात गटांत, भर पावसाळ्यात, न झाकलेल्या पिचवर. सुनील गावसकर कसोटी खेळाडू झाल्यावरही दादर युनियनकडून त्यात उतरायचा. खालच्या गटात तुझ्या सोळा वर्षांच्या दोन-तीन मुलांना प्रत्येक रविवारी खेळव, हवं तर त्यासाठी सीनियर कॅप्टनशी भांड. ओल्या पिचवर बॉल अडकून उशिरा येतो, ड्राइव्ह मारणाऱ्याचा कॅच कव्हरला जातो. वाट बघून, हात सैल ठेवून, शरीराजवळ खेळावं लागतं. ऊन पडून पिच सुकायला लागलं की काम आणखी अवघड: एक बॉल घोट्याजवळून जातो, पुढचा त्याच टप्प्यावरून ग्लव्हजवर उडतो. गवत वाढलेलं असतं, चांगला फटकाही तीस यार्डांवर मरतो, म्हणून दोन-दोन पळून काढणारे जिंकतात. असली बॅटिंग नेटमध्ये शिकवता येत नाही. मात्र पंधराखालच्या मुलाला मोठ्यांच्या मॅचमध्ये बॅटरपासून 8 यार्डांच्या आत उभं करायचं नाही, तेराखालच्याला 11. कॅप्टन कितीही म्हणाला तरी. स्पाइक्स हवेतच, रबरी सोलवर बोलरचा पुढचा पाय घसरतो आणि जांघ भरते. पाय पडतो तिथे लाकडाचा भुसा, खिशात कोरडा टॉवेल. आझाद मैदानावर शेजारच्या प्लॉटचा पॉइंट तुमच्या मिडविकेटजवळ उभा असतो, म्हणून स्वतःच्या मॅचचा बॉल सोडून मागे वळून बघायची सवयही मुलांना लाव. डोक्याला लागतं ते बऱ्याचदा दुसऱ्याच मॅचच्या बॉलने.

आठवड्यातून एक दिवस मुलांना माळ्याच्या हाताखाली दे. संध्याकाळी पाणी, सकाळी रोलर. माती अंगठ्याने दाबली तर ठसा उमटावा पण बोटाला चिकटू नये. त्या वेळी रोलर फिरवायचा. आधी फिरवला तर माती रोलरला चिकटून वरचा थर सोलून निघतो, उशीर झाला तर कितीही फिरवा, पिच बसत नाही आणि दुपारी पापुद्रे निघतात. हे हाताने केलेला मुलगा टॉसआधी पिच बघून काहीतरी ओळखू शकतो. एकनाथ सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते, घर मैदानाच्या कडेलाच, आणि तो तिथे स्कोअरबोर्ड सांभाळायचा. पुढे भारताकडून 27 कसोटींत त्याने 53 कॅच घेतले, बहुतेक बॅटरच्या अगदी पुढ्यात. बॅटिंगची वाट बघणाऱ्यांना स्कोअरबुक लिहायला बसव, तोही त्याच शाळेतला विषय आहे.

क्लबच्या भिंतीवरचे जुने फोटो दाखवशील तेव्हा सगळं दाखव. पालवणकर बाळू पुण्यात युरोपियन साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकून तयार झाला, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट घेतल्या, पण त्याआधी पुण्यात आपल्याच संघात, दलित म्हणून, त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या कपात यायचा. तुझ्या नेटमध्ये कोण डबा एकटा बसून खातो, कुणाची किट नाही म्हणून त्याचा नंबर शेवटी लागतो, हे बघत जा. क्लबच्या दोन सामाईक किट बॅगा ठेव: पॅड, ग्लव्हज, दोन मापांची हेल्मेट. आतून घालायचा गार्ड मात्र ज्याचा त्याचा.

शेवटचं काम कागदांचं, ते जूनच्या आत उरक. जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, प्रत्येकाच्या दोन प्रती. वयाची रेषा 1 सप्टेंबरची धरतात, आणि सोळाखालच्यांची बीसीसीआय मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय बघते. एखादा पालक दाखल्यात वर्ष ‘अ‍ॅडजस्ट’ करायचं सुचवेल. मूळ दाखला बघितल्याशिवाय फॉर्मवर सही करू नकोस, आणि मूळ दाखले क्लबच्या कपाटात ठेवूनही घेऊ नकोस. पावसाळ्यात तिथे गळतं.