ससीण पिल्लांजवळ बसतच नाही, तिने पिल्लं टाकली का?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांपूर्वी घरच्या सशिणीला पाच पिल्लं झाली, ती त्यांच्याकडे फिरकत नाही, पाजताना कुणी पाहिलेलं नाही, आणि सासूबाई ड्रॉपरने गाईचं दूध पाजू म्हणताहेत. कृपा करून ते दूध थांबवा. बहुतेक तिने पिल्लं टाकलेली नाहीत.

परळच्या आमच्या घरी बरीच वर्षं ससे आहेत. मांजर पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते, तसं सशीचं नसतं. पाळीव ससे ज्या युरोपातल्या रानसशांपासून आले, त्यांची मादी पिल्लांसाठी वेगळं बीळ खणते, पाजून झालं की त्याचं तोंड मातीने बुजवते आणि दूर निघून जाते. तिच्या वासावर शिकारी पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून. तुमच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यातही ती तेच करते आहे. तिचं लांब बसणं ही पिल्लांची राखणच आहे. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, रात्री किंवा पहाटे ती खोक्यात शिरते, तीन-चार मिनिटं पाजते आणि बाहेर येते. एवढं पुरतं, कारण तिच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण तिप्पट स्निग्धांश असतो. तुम्ही झोपेत असता, म्हणून दिसत नाही.

तेव्हा आईकडे नको, पिल्लांच्या पोटाकडे बघा. सकाळी हात धुऊन, तिच्या खालच्या गवतावर चोळून, एकेक पिल्लू उचला. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला घेत नाही, हे घरच्या सशांच्या बाबतीत खरं नाही. पोट गोल, टम्म आणि अंग कोमट असेल तर ते प्यायलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा, ते वाढत राहिलं पाहिजे. पोट खपाटीला, कातडी सुरकुतलेली आणि अंग गार, असं असेल तरच काळजी.

एक गोष्ट मात्र रोज बघावीच लागते. पाजता पाजता आई उठली की एखादं पिल्लू आचळाला लोंबकळत बाहेर येऊन पडतं. ससीण त्याला तोंडात धरून परत नेत नाही, तिला ते येतच नाही. असं पिल्लू मेल्यासारखं गार लागलं तरी तळहातात धरून हळूहळू ऊब द्या आणि मग भावंडांत ठेवा. आईने पोटाचे केस उपटून घरट्यात घातलेत ना? ते कचरा समजून काढू नका, तेच त्यांचं पांघरूण. मुंबईच्या उकाड्यात पिल्लं स्वतःच त्यातून बाजूला सरकतात, पण खोकं उन्हात नको आणि पंख्याच्या थेट झोतातही नको. गॅलरीला जाळी हवीच. कावळे, मांजरं, उंदीर, तिघांचीही भीती.

आणि नर अजून त्याच पिंजऱ्यात आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. त्याला आत्ताच वेगळा करा! मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. दोन दिवस तो सोबत होता, म्हणजे महिन्याभराने दुसरं वेत येईल असं धरूनच चला.

आईला सुकं गवत आणि पाणी सतत समोर हवं. सध्या लसूणघासही (ल्यूसर्न चारा, लसूण नव्हे) चालेल, एरवी तो रोज देत नाही. पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतील. सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत कुणी मागितली तरी देऊ नका.

आईने अर्धा दिवस काही खाल्लं नाही, आचळ लाल आणि कडक झाली किंवा सगळ्याच पिल्लांची पोटं रिकामी दिसली, तर सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांना आधी फोन करा. आमच्या परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचं रुग्णालयही आहे. ड्रॉपर घरी हातात घेऊ नका. इवल्या जिवाच्या फुफ्फुसात दूध जायला एक थेंब पुरतो.