फर्मवेअर टाकलं, लाइन थांबली आणि बिल अडकलं

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी. भोसरीत तुमचं ऑटोमेशनचं छोटं युनिट, चाकणच्या एका कंपनीत वायरलेस मॉड्यूल तुम्हीच बसवलेले. सिक्युरिटीसाठी नवं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाका म्हणून त्यांचे आयटीवालेच मागे लागले, तुम्ही ॲक्सेस पॉइंट (वायरलेस सिग्नल देणारे बॉक्स) अपडेट केले आणि नव्या व्हर्जनमध्ये टीकेआयपी ही वाय-फायची जुनी सुरक्षा पद्धत बंद असल्यामुळे जुने क्लायंट मॉड्यूल जोडलेच जाईनात, अख्खी शिफ्ट पीएलसीपर्यंत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) डेटा पोचला नाही. आता बिल तर अडवलंयच, वर प्रॉडक्शन लॉस पण तुमच्याकडूनच मागतायत.

पहिलं म्हणजे व्हॉट्सॲपवर "आमच्याकडून चुकलं, सांभाळून घ्या" असले मेसेज आजपासून बंद, उद्या तीच कबुली म्हणून दाखवतील.

प्रॉडक्शन लॉसचा आकडा ते टाकतील तेवढा मिळतो असं नाही. करार कायदा 1872, कलम 73, त्यात थेट होणारं किंवा करार करतानाच दोघांना माहीत असलेलं नुकसान मिळतं, लांबचं नाही. आणि नुकसान कमी करायला हाताशी काय होतं तेही कोर्ट बघतं. तुम्ही लगेच जुनं व्हर्जन परत टाकतो म्हणालात आणि त्यांच्या मेंटेनन्सवाल्यांनी सकाळपर्यंत हात लावू दिला नाही, हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे. पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरात दंडाची रक्कम छापली असेल तर कलम 74 बघा, ती कमाल मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढंच देतं.

कच्चा दुवा पण सांगते. टीकेआयपीची ओळ रिलीज नोटमध्ये (नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते सांगणाऱ्या कागदात) होती असं तुम्हीच लिहिलंय. स्पेशालिस्ट म्हणून पैसे घेतले तर ती वाचणं आणि आधी एका मॉड्यूलवर ट्राय करणं तुमचं काम होतं, समोरचा वकील हेच धरून बसणार, मी त्याच्या जागी असते तर मीही बसले असते.

पुरावा आत्ताच काढून ठेवा. मॉड्यूलचा इव्हेंट लॉग बऱ्याचदा छोट्या बफरमध्ये असतो, रीबूट झालं की गेला. लॉग, आधीच्या कॉन्फिगचा बॅकअप, "अपडेट करा" म्हणणारा ईमेल, सगळं मूळ फाइलमध्येच ठेवा, नुसते स्क्रीनशॉट नकोत. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63 चं सर्टिफिकेट लागेल, जुनं 65बी म्हणायचे तेच, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा कोड) भरावी लागते.

आता बिल. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु म्हणून, काम घ्यायच्या आधीची आहे ना? मग एमएसएमईडी कायदा 2006 लागतो. काम झाल्यापासून 15 दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल तर काम स्वीकारलं असंच धरतात आणि पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याला चक्रवाढ व्याज. म्हणून त्यांची हरकत ईमेलने आली की मेसेजने आणि कोणत्या तारखेला, हे आधी शोधा. फॅसिलिटेशन कौन्सिलला (याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणारी सरकारी समिती) गेलात तर ते तिथंच उलट दावा टाकू शकतात, सुप्रीम कोर्टाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या केसमध्ये 2021 साली तसं सांगितलंय.

त्याआधी एक ईमेल टाका, त्या शिफ्टच्या नुकसानीचा हिशोब कागदपत्रांसकट मागा. खरा आकडा निघाला तर बिलातून थोडं सोडून मिटवायला हरकत नाही, फक्त तडजोडीचं पत्र "हक्क अबाधित ठेवून" असं लिहूनच पाठवा, म्हणजे ते कबुली म्हणून दाखवता येणार नाही.